देवभाताची वही: तळ्यातलं गवत नेमकं कोणतं

३० जून २०२४, रविवार

वही मे महिन्यातच सुरू करायची होती, आज मुहूर्त लागला. तळं आमच्याच गावचं, कुडाळ तालुक्यात, देवळाच्या मागे. उन्हाळ्यात मधे गुडघाभर चिखल-पाणी राहतं आणि पावसात छातीच्या वर जातं. तीन बाजूंनी भाताचे कुणगे, चौथ्या बाजूला दगडी घाट. ह्या तळ्यात दरवर्षी एक गवत येतं, दिसायला हुबेहूब भात, पण कुणी पेरत नाही आणि कुणी कापत नाही. गावात त्याला देवभात म्हणतात. माझ्या लहानपणी अर्धं तळं त्यानं भरलेलं असायचं, आता काठाला एक पट्टा आणि मधे एक बेट, एवढंच.

टीममध्ये मी, कॉलेजच्या बॉटनीच्या मॅडम (सुट्टीच्या दिवशीच) आणि बारावीची दोन पोरं, त्यातल्या एकाला पोहता येतं म्हणून तो सगळ्यात महत्त्वाचा. कामं दोनच. एक म्हणजे हे गवत नक्की कोणतं ते ठरवणं. दुसरं म्हणजे ते टिकवणं. पहिलं झाल्याशिवाय दुसरं करता येत नाही असं मॅडम म्हणतात, मला तेव्हा पटलं नव्हतं, नाव काहीही असो, टिकवायचं तर टिकवायचं, त्यात काय एवढं.

पुस्तकी माहिती थोडक्यात लिहून ठेवते. भाताच्या जातकुळीतले दोन जंगली भाऊबंद इथे असू शकतात. एक ओरायझा रुफिपोगॉन, बहुवर्षायू, खोल पाण्यात राहणारा, नावाचा अर्थ लाल दाढीवाला, कारण त्याची कुसळं लालसर असतात. दुसरा ओरायझा निवारा, एका वर्षात उगवून दाणे टाकून मरणारा, पावसाळ्यात भरणाऱ्या आणि नंतर आटणाऱ्या उथळ पाण्यातला. निवारा हे नाव शर्मा आणि शास्त्री ह्या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये दिलं, संस्कृतातला नीवार म्हणजे रानभात, त्यावरून. दोघांनाही आपल्या भातासारखीच २४ गुणसूत्रं, आणि दोघांचाही शेतातल्या भाताशी संकर होऊ शकतो. सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

१४ जुलै

फजिती. गेल्या रविवारी काठावरून जे "देवभात" म्हणून उपटून आणलं, प्रेस केलं, लेबल लावलं, फोटो काढून ग्रुपवर टाकला, ते देवभात नव्हतंच. मॅडमनी लांबूनच सांगितलं की पानाला उलटा हात लाव, करवतीसारखं लागलं तर शंका घे. लागलं. पानाच्या सांध्यात जी पातळ पापुद्र्यासारखी जीभ असते ती भातात लांब, टोकदार, मधे चिरलेली असते, ह्याच्यात जेमतेम दोन-तीन मिलिमीटर आणि वरून कापल्यासारखी सपाट. म्हणजे लिअर्सिया हेक्झांड्रा, तळ्याच्या काठाला सगळीकडे येणारं साधं गवत. गंमत म्हणजे त्यालाही भातासारखे सहा पुंकेसर. बहुतेक गवतांना तीन असतात त्यामुळे सहा दिसले की माणूस खूश होतो आणि फसतो.

शिकलो ते असं की फुलोरा येईपर्यंत कुणी काही ठरवायचं नाही. तोवर फक्त जागा मार्क करायच्या. बांबूच्या काठ्या रोवल्या, त्यावर ऑइलपेंटनं नंबर: क १ ते क १२ काठाचे, म १ ते म ८ मधल्या बेटाचे. दोन काठ्या म्हशीनं पहिल्याच दिवशी पाडल्या.

८ सप्टेंबर, ऋषिपंचमी

आज फील्डवर्क नाही असं ठरवून काकींकडे जेवायला गेले आणि सगळ्यात जास्त माहिती आजच मिळाली. ऋषिपंचमीला बैलाच्या मेहनतीचं खायचं नसतं, मग नांगर न लागलेलं काय खाणार, तर परसातल्या भाज्या आणि देवभात. काकींकडे गेल्या वर्षीचा शेरभर होता, घट्ट डब्यात निंबाच्या पानांत ठेवलेला. शिजवल्यावर लालसर, चिकट नाही, आणि वासाला जरा मातकट. मला आवडला. पोरांना नाही आवडला, एकानं तर सरळ "हे पोल्ट्रीचं खाद्य आहे" म्हणून सांगितलं, काकींनी ऐकलं नाही असं दाखवलं.

गोळा कसा करतात ते विचारलं. काकी म्हणाल्या, "गो बाय, ता देवाचा भात. पेरूक लागणा नाय नि कापूक गावणा नाय. पिकला की झडान जाता. म्हणान आधी गाठ मारूक व्हयी." म्हणजे दाणे हिरवट असतानाच चार-पाच लोंब्या एकत्र बांधून त्यांची गाठ मारायची, मग पिकले तरी दाणे एकमेकांत अडकून राहतात, आठ दिवसांनी पहाटे दव असताना सुपात झोडायचे. दव गेलं की हात लावताच अर्धे पाण्यात. त्यांच्या सासूबाई हे करायच्या, त्यांच्या आधीच्याही. आता गावात करणाऱ्या ह्या एकट्याच.

काकींना विचारलं की काठाचं आणि मधलं देवभात एकच का. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी म्हैस आणि रेडा एकच का असं विचारलंय. मधलं म्हणजे "म्हातारा", ते मरत नाही, त्याला दाणा कमी, कुसळ मोठं, ते कोण आणत नाही. काठाचं म्हणजे "पोर", ते दरवर्षी नवीन.

बहुवर्षायू आणि वर्षायू. मॅडमना रात्री फोन केला, त्या बराच वेळ हसत होत्या.

२२ सप्टेंबर

काठाचं निसवलंय. क १ ते क ९ फुलोऱ्यात, लोंब्या आखूड, गच्च, फांद्या दांड्याला चिकटून. फुलं सकाळी साडेनऊनंतर उघडायला लागली आणि साडेअकरापर्यंत बंद, म्हणजे कामाला दोन तास.

परागकोशाची लांबी मोजायची, हीच मुख्य कसोटी. रुफिपोगॉनचे परागकोश लांब, ३ मिलिमीटरच्या वर, कधी ७ पर्यंत जातात, कारण तो वाऱ्यावर पराग उडवून दुसऱ्याशी फलन करणारा. निवाराचे आखूड, कारण तो बहुतेक स्वतःचं स्वतःच आटपतो. आधी आम्ही फुलं घरी आणून संध्याकाळी मोजली आणि सगळी आकडेवारी कचऱ्यात, वाळले की आकसतात. मग काठावरच टेबल लावलं, ग्राफपेपर लॅमिनेट करून, वरून भिंग, एकानं चिमट्यानं धरायचं दुसऱ्यानं वाचायचं तिसऱ्यानं लिहायचं आणि चौथ्यानं (म्हणजे मी) छत्री धरायची.

काठाच्या सगळ्या झाडांचे परागकोश दीड ते अडीच मिलिमीटरच्या मधे. शेजारच्या कुणग्यातला जया (शेतात लावतात तो भाताचा वाण) पण आजच फुलोऱ्यात आहे, मेर ओलांडली की तीन पावलांवर. हे बरं लक्षण नाही, खाली लिहिते का ते.

६ ऑक्टोबर

बियांच्या पिशव्या. पहिली कल्पना प्लास्टिकच्या झिपलॉकची, दोन दिवसांत आत घाम आणि बुरशी. दुसरी मलमलीच्या पिशव्या, लोंबीवर चढवून खाली दोऱ्यानं सैल गाठ. ह्या चालल्या. पिकलेले दाणे पिशवीतच पडतात. प्रत्येक झाडाची पिशवी वेगळी, नंबर आतही आणि बाहेरही, पेन्सिलनं, कारण बॉलपेन पावसात गेलं की झाड अनाथ झालं. वेगवेगळ्या झाडांचं बी एकत्र करायचं नाही ह्यावर मॅडम फार कडक आहेत. एकदा मिसळलं की नंतर कुठलं गुणलक्षण कुठल्या आईचं ते शोधता येत नाही.

घाटाकडची बाजू पायऱ्यांवरून हाताला लागते म्हणून जास्त पिशव्या तिथेच लावल्या गेल्या, जवळजवळ सगळा तो पट्टा. पलीकडे चिखलात कोण जाणार.

१३ ऑक्टोबर, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी

आज मधलं बेट!! काठाचं दाणे टाकून पिवळं पडतंय आणि मधलं आत्ता कुठे फुलतंय, महिनाभराचा फरक. पोहणारा पोरगा ट्यूबवर आणि मी केळीच्या खांबांच्या तराफ्यावर, तराफा आबांनी बांधून दिला आणि वर सांगितलं की बुडलीस तर माझं नाव घेऊ नको.

परागकोश पहिल्याच फुलात पाच मिलिमीटर. म १ ते म ८ सगळ्यांत चारच्या वर. कुसळं लाल, उन्हात खरोखर दाढी पेटल्यासारखी दिसते. लोंबी मोकळी, फांद्या पसरलेल्या. खोड ओढत गेलो तर संपेना, पाण्याखाली आडवं पसरलंय आणि पेरापेराला मुळं, एक खोड टेपनं अडीच मीटर भरलं आणि टोक तरी चिखलातच राहिलं.

म्हणजे काकींचं वर्गीकरण बरोबर. मधलं रुफिपोगॉन, काठाचं निवारा. वहीत इतकं ठामपणे लिहिलं आणि मॅडमनी लगेच पेन्सिलनं कडेला लिहिलं: "क १० ते १२?"

२७ ऑक्टोबर

क १० ते १२ ही ती मेरेजवळची तीन झाडं. ह्यांनी डोकं खाल्लंय. उंच आहेत, लोंबी भातासारखी वाकलेली, कुसळ कुठे आहे कुठे नाही, एकाच्या तुसाचा रंग काळपट तर दुसऱ्याचा जयासारखा पिवळा. दाणे झडतात पण सगळे नाही. दाणा सोलून बघितला तर दोघांचा लाल, एकाचा पांढरा.

दाणा जिथून तुटतो तो डाग भिंगाखाली बघायची एक युक्ती शिकलो. जंगली भातात दाणा आपणहून सुटतो, डाग गुळगुळीत, बटण काढल्यासारखा. शेतातल्या भातात दाणा झोडून तोडावा लागतो, डाग फाटलेला. क १० चा डाग अर्धा असा अर्धा तसा. मग पराग आयोडिनमध्ये घालून मायक्रोस्कोपखाली बघितले, चांगले पराग काळेभोर गोल दिसतात, वांझ असले की फिकट आणि चिमटलेले. मला वाटलं संकर असेल तर निम्मे वांझ निघतील आणि खटला निकाली. जवळजवळ सगळे काळेभोर. मॅडम म्हणाल्या ह्यानं काहीच सिद्ध होत नाही, ह्या दोघांचा आणि शेतातल्या भाताचा संकर बऱ्याचदा चांगला फळतो, वांझपणा दिसला असता तर पुरावा होता, नाही दिसला तर काही नाही.

आता २२ सप्टेंबरची गोष्ट. जया आणि काठाचं देवभात एकाच आठवड्यात, एकाच वेळी, तीन पावलांवर फुलतं. शेतातले पराग तळ्यात येणारच. असं वर्षानुवर्षं चाललं की काठाचं देवभात हळूहळू "थोडं जया" होत जातं, नाव देवभात, आत निम्मी भेसळ. मधलं बेट महिनाभर उशिरा फुलतं तोवर शेतात कापणी सुरू, म्हणून ते तुलनेनं शुद्ध. आणि आमच्याकडे बी कशाचं जास्त आहे? काठाचं. शुद्ध कशाचं असणार? मधलं, ज्याचा दाणा कमी आणि पोकळ जास्त.

नाव ठरवल्याशिवाय टिकवता येत नाही म्हणजे काय ते मला आज कळलं, चार महिने उशिरा.

१० नोव्हेंबर

मधल्या बेटाच्या पिशव्या काढल्या. आठ झाडांचं मिळून भरलेले दाणे २१४. बाकी फोलं. काहींच्या पिशव्यांत उंदीर शिरले होते, पाण्याच्या मधोमध उंदीर कसा जातो हे त्यालाच माहीत.

१५ डिसेंबर

वाळवण. उन्हात नाही, सावलीत, मग सिलिका जेलच्या डब्यात, जेल निळ्याचं गुलाबी झालं की कढईत भाजून परत निळं करायचं. आईनं विचारलं ह्या कढईत परत भाजी होणार आहे का. नाही म्हणलं. नवीन कढई आणावी लागली.

हर्बेरियमचे (दाबून वाळवलेल्या झाडांचे) नमुने तयार, तीन संच. पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागात मॅडम घेऊन जाणार. इतक्या ओल्या हवेत प्रेसमधले पेपर दिवसातून दोनदा बदलावे लागले, त्यात पोरांनी एकदा जाहिरातीचं गुळगुळीत पान वापरलं आणि म ४ चं पान त्याला चिकटून बसलं. आता म ४ च्या नमुन्यावर उलट्या अक्षरांत "बंपर सेल" छापलंय.

नावाचा वाद इथे लिहून ठेवते कारण पोरं गोंधळली. काही लोक निवाराला वेगळी जात मानतात, काही म्हणतात ती रुफिपोगॉनचीच उपजात, म्हणजे एकच जात, दोन राहणीमानं. मधली रूपं जागोजाग सापडतात त्यामुळे रेघ कुठे मारायची हा प्रश्न खरा आहे. लेबलवर आम्ही निवारा आणि रुफिपोगॉन असं वेगवेगळंच लिहिलंय, आणि क १०-१२ वर "मधलं रूप, शेतातल्या भाताशी संकराची शक्यता". माझं मत विचाराल तर नावाची रेघ कुठेही मारा, पाण्याची रेघ तळ्यात स्पष्ट आहे. जिथे पाणी बारमाही तिथे म्हातारा, जिथे आटतं तिथे पोर.

२६ जानेवारी २०२५

ग्रामसभा. अजेंड्यावर आठवा विषय तळ्यातला गाळ काढणे. मशीन लावून पूर्ण तळं दोन मीटर खोल, कडेनं काँक्रीटची भिंत. सगळे खूश होते, वायंगणी (उन्हाळी) भाताला पाणी पुरेल म्हणून, आणि त्यात चूक काहीच नाही.

मी उठून बोलले आणि वाईट बोलले. जैवविविधता, जनुक वगैरे. कुणीतरी मागून "गवतासाठी पाणी नको म्हणतात" असं म्हणालं आणि हशा. मग तपकिरी तुडतुड्यांची गोष्ट सांगितली ती मात्र ऐकली लोकांनी, कारण तुडतुडे सगळ्यांनी भोगलेत. १९७० च्या आसपास आशियात भातावर ग्रासी स्टंट नावाचा विषाणूरोग आला, हेच तुडतुडे पसरवायचे. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं हजारो वाणं तपासली, प्रतिकार सापडला तो उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या निवाराच्या एका नमुन्यात. त्याच्यापासून पुढे आयआर ३६ सारखे वाण आले. आणि संकरित भाताचं मूळ म्हणजे १९७० मध्ये चीनच्या हायनान बेटावर सापडलेलं एक नर-वांझ जंगली भाताचं झाड. त्याच वंशाची मादी ओळ आपल्या कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या सह्याद्री ह्या संकरित वाणात आहे. "म्हणजे सह्याद्रीची आजी देवभात?" असं एकानं विचारलं. चिनी आजी, म्हणलं.

तरी ठराव पास झाला. झालाच पाहिजे होता असं आता घरी बसून वाटतंय, कारण बाहेर पडल्यावर आबांनी जे सांगितलं त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाळ काढलाच नाही तर तळं उथळ होणार, मधलं पाणी पण आटायला लागणार, मग तुझा म्हातारा कुठे जगणार? पूर्वी दर वैशाखात गावकी एक कोपरा हातानं उपसायची, गाळ ज्याच्या त्याच्या कुणग्यात जायचा, पुढच्या वर्षी दुसरा कोपरा. पूर्ण तळं एकदम कधीच कुणी उपसलं नाही. माणसं मिळेनाशी झाली तेव्हापासून उपसा बंद. म्हणजे देवभात कमी झालं ते माणसं तळ्यात उतरली म्हणून नाही, उतरायची थांबली म्हणून. मी लहानपणचं भरलेलं तळं आठवून उगाच हळहळत होते, तेही गाळानं उथळ झाल्याचंच लक्षण होतं की काय कोण जाणे.

९ मार्च

बी उगवण चाचणी. ताज्या जंगली बियांना सुप्तावस्था असते, असंच भिजवलं तर ढिम्म. कॉलेजच्या ओव्हनमध्ये ५० अंशाला पाच दिवस ठेवलं, मग तूस काढून भिजवलं. काठाचे २५ पैकी २१ उगवले. मधले २५ पैकी ९. त्यामुळे मधल्याचं बियांवर सोडून चालणार नाही, जिवंत खोडंच ठेवायची. प्रत्येक म नंबरमधून दोन पेरांचे तुकडे आणून आमच्या गच्चीवर अर्धे कापलेले प्लास्टिकचे ड्रम, तळाशी तळ्यातलाच गाळ, वर वीतभर पाणी. डासांसाठी गप्पी मासे. सहा दिवसांत पेराला पांढरी मुळं! आठही नंबर जिवंत.

दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक बँकेत बी पाठवायचा फॉर्म भरतोय. तिथे उणे १८ अंशात ठेवतात, वाळलेलं बी कित्येक दशकं टिकतं. काठाचं पाठवण्याइतकं आहे. मधल्याचं उगवण चाचणीत २५ गेले, म्हणजे उरले १८९, आणि ते आधी वाढवायचे की आहेत तसेच पाठवायचे ह्यावर मॅडमचं आणि माझं जुंपलं. मी म्हणते पाठवा. मॅडम म्हणतात गच्चीवर वाढवून मग पाठवू. गच्चीवर वाढवलं आणि फुलं आली तर आठही नंबर एकमेकांत पराग उडवणार, हा काही खोल पाण्यातला शिष्ट प्राणी नाही, वाराच त्याचा भटजी. शेवटी निम्मे निम्मे.

१ मे

ग्रामसभेत दुरुस्ती. सरपंच ताईंनीच मांडली, मी गप्प बसले आणि तेच बरं झालं. तळ्याचे तीन भाग, ह्या वर्षी फक्त पूर्वेचा एक भाग मशीननं, पुढचा भाग दोन वर्षांनी. मधलं बेट दोरी बांधून वगळायचं. काँक्रीटची भिंत फक्त रस्त्याच्या बाजूला, बाकी काठ उताराचाच, कारण भिंत बांधली की काठाचा उथळ पट्टा संपला आणि त्याबरोबर पोर संपलं. गावच्या लोकजैवविविधता नोंदवहीत देवभात दोन वेगळ्या नोंदी म्हणून घालायचं, माहिती देणारी म्हणून काकी. काकींनी अंगठा नाही, सही केली, आणि पोरांना दाखवली.

१७ मे

मशीन काल आलं. ऑपरेटर नवीन, दोरी म्हणजे खोदायची हद्द असं समजला आणि दोरीच्या आतून सुरुवात. आबा ओरडत धावले तोवर तीन बकेट निघाल्या होत्या. म ६ आणि म ७ गाळाच्या ढिगात. आम्ही रात्री नऊपर्यंत बॅटरी लावून ढिगातून खोडं शोधत होतो, चौदा तुकडे मिळाले. चूक कुणाची म्हणायची, दोरीवर पाटी लावायची अक्कल आम्हालाच आली नाही.

२१ मे

कालपासून पाऊस. मे महिन्यात असा पाऊस? मशीन निम्म्यात उभं.

२६ मे

मान्सून काल कोकणात पोचला, देवगडपर्यंत, जूनच्या पहिल्या आठवड्याऐवजी मे मध्येच. मशीन चिखलात रुतलं होतं ते दुसऱ्या मशीननं ओढून काढलं. पूर्वेचा भागही पूर्ण झालेला नाही, शेतकरी नाराज, आणि मला मनातून जो आनंद झाला तो कुणाला दिसू नये म्हणून मी घाटावर गेलेच नाही.

गच्चीवरचे ड्रम ओसंडून वाहिले, गप्पी गटारात. म ६, म ७ ड्रममध्ये सुखरूप, हे फार बरं झालं.

२२ जून

काठाला रोपं. एक मीटरच्या चौकटी टाकून मोजली, घाटाकडच्या पाच चौकटींत मिळून ११, पलीकडच्या चिखलातल्या पाचांत ६८. पहिल्यांदा वाटलं मशीनमुळे. पण मशीन घाटाकडे गेलंच नव्हतं.

आम्ही गेलो होतो. मलमलीच्या पिशव्या घेऊन.

दाणा झडण्यासाठीच असतो, आम्ही तो पट्टाच्या पट्टा पिशव्यांत झडवला. जुनं बी चिखलात सुप्त असेल ते काही वर्षं येत राहील, पण नियम आता लिहून टाकला, कुठल्याही चौकटीतल्या दहा लोंब्यांमागे एकीलाच पिशवी.

२० जुलै

म ६ आणि म ७ बेटावर परत लावले, ड्रममधली खोडं, प्रत्येकी सहा, बांबूला सुतळीनं सैल बांधून. पोहणाऱ्या पोराचा कॉलेजला नंबर लागला, रत्नागिरीला जाणार. नवीन पोहणारा शोधायचाय. क १० ते १२ उपटायची की ठेवायची ह्यावर निर्णय नाही, मॅडम म्हणतात ठेवा, संकर कसा सरकतो ते बघायला तीच झाडं कामाची. मी म्हणते निदान फुलोऱ्यात पिशवी घाला. ह्यावेळी मी जिंकले.

२८ ऑगस्ट २०२५, ऋषिपंचमी

काकींकडे जेवायला. पानात परसातल्या भाज्या, अळू, भोपळा, आणि वरीचे तांदूळ. देवभात नाही. मी इकडेतिकडे बघतेय हे काकींना कळलं.

"घाटावरचा सगळा तुमीच व्हरलात, पिशये बांधून. मगे माका पंचमेक काय?"

मी त्या बाजूची नोंद काढून बघितली. काकी दरवर्षी गाठी मारतात तो पट्टा म्हणजे आमचे क १ ते क ५. डब्यातलं होतं तेही त्यांनी गेल्या वर्षी आम्हालाच वाढलं होतं.

क १ ते क ५ आजपासून आमच्या यादीतून काढले. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात काकी गाठी मारायला बसणार, मी शिकायला जाणार आहे, येताना सूप आणायला सांगितलंय.